दोन वर्गण्या

संग्रामपूर,
१२ जून २०२४

आदरणीय दादास,
सप्रेम जय भीम.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोन केला की वहिनीच उचलतात. कधी तू गच्चीवर असतोस, कधी आंघोळीला, कधी "आत्ताच बाहेर गेले." म्हटलं, ज्या माणसाची नोकरी पोस्ट-तार खात्यात गेली त्याला पत्रच टाकावं. ते तरी तू स्वतः फोडशील.

मी निवृत्त झाले. शाळेत समारंभ झाला, भाषणं झाली, शाल-श्रीफळ घेऊन घरी आले. तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. सकाळी त्याच वेळेला उठते, साडी नेसते, केस विंचरते, आणि मग जायला कुठेच नाही हे लक्षात येतं. डाळीचे डबे एका फळीवरून दुसरीवर लावते, दुपारी परत पहिलीवर आणते. हे असते तर दोघांनी भांडून तरी दिवस काढला असता. शाळा उघडायला अजून अवकाश आहे, पण ती घंटा घरापर्यंत ऐकू येते, आणि त्या दिवशी मी काय करीन याची मला आत्ताच धास्ती वाटते.

पुण्याहून पुष्पांजली म्हणते, "आई, एखादा छंद लावून घे." तेव्हा तुझं हौशी रेडिओवाल्यांचं मंडळ आठवलं. मागच्या खेपेला उंद्रीला आले होते तेव्हा तू रविवारी सकाळी सेटसमोर बसून सगळ्यांची हजेरी घेत होतास. खामगाव, मेहकर, मलकापूर. एकेक माणूस "हजर" म्हणत होता, आपल्याकडचं ऊनपाणी सांगत होता. मला ते फार आवडलं होतं. तेव्हा बोलले नाही.

मी चौकशी केली. सभासद व्हायचं तर दोन वर्गण्या आहेत म्हणे, एक देशाच्या संस्थेची आणि एक चिखलीच्या मंडळाची. मी मास्तरीण आहे, मला नीट समजावून सांग. देशाची वर्गणी भरून काय मिळतं आणि गावची भरून काय मिळतं? दोन्ही लागतात का?

वहिनींना नमस्कार. उत्तर लिही, वहिनींकडून निरोप नको.

तुझी,
धम्मशीला

*

उंद्री,
२६ जून २०२४

प्रिय शीला,
जय भीम.

पत्र भेटलं. विचारलं म्हणून सांगतो.

देशाच्या संस्थेची वर्गणी भरली की सभासद क्रमांक भेटते. इंग्रजीतलं मासिक येते, ते बरेचदा दोन महिन्याचं एकदम येते. दूरदेशच्या माणसाशी आपण रेडिओवर बोललो की तो खूण म्हणून एक कार्ड धाडते. असे जगभरातले कार्डं संस्था गोळा करते अन् ज्याचे त्याले गठ्ठ्यानं पाठवते. आपल्या लायसनसाठी सरकारकडे बोलते. संपलं.

चिखलीची वर्गणी घाटावरच्या मनोऱ्यासाठी. आपल्या सेटचा आवाज लहान, तो मनोरा त्याले झेलते अन् लांब फेकते. बाकी रविवारची हजेरी, अन् महिन्यातून एक बैठक. बैठकीत चहा अन् भांडण दोन्ही भेटते.

आता माह्यं मत विचारशील तर तुले यातलं काहीच कामाचं नाही. परीक्षा द्या लागते, नागपूरले जा लागते, लायसन यायले सरकार वर्ष लावते. त्यापेक्षा विहारात बायांचं ग्रंथवाचन सुरू कर, तुह्या हातचं काम आहे. मीही सोडून राह्यलो. हजेरी तर कधीचीच सोडली. आता इंद्रभान अध्यक्ष झाला, त्यानं पाहावं.

फोनचं म्हणशील तर इकडं टॉवरची बोंब आहे.

तुह्या वहिनीचा, जनकाचा, नमस्कार. तिचे गुडघे दुखतात.

तुहा दादा,
प्रेमानंद

*

संग्रामपूर,
८ जुलै २०२४

आदरणीय दादास,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र वाचून दोन दिवस कशात मन लागलं नाही. टॉवरची बोंब असती तर वहिनींचा आवाज इतका स्वच्छ कसा आला असता? आणि "तुले यातलं काहीच कामाचं नाही" हे वाक्य मला लागलं. मी एवढी वर्षं पोरांना शिकवलं, दादा. मला परीक्षेची भीती तू दाखवावीस?

तुला राग येईल, पण सांगते. मी दोन्ही वर्गण्या भरून मोकळी झाले. चिखलीला इंद्रभानभाऊंना फोन केला. तुझी बहीण म्हटल्यावर त्यांनी मोटार वाइंडिंगचं दुकान पोराच्या हवाली केलं आणि अर्धा तास बोलले. दुसऱ्याच दिवशी एसटीच्या पार्सलनं पुस्तकं पाठवली. परीक्षा ऑगस्टमध्ये नागपूरला आहे. कडकट्टची भाषा, तुझी ती तारेची टिंब-रेघांची, सोप्या परीक्षेला लागत नाही, पण मी तीही शिकणार. तारबाबूच्या बहिणीला ती येऊ नये हे बरं दिसत नाही.

बोलताना इंद्रभानभाऊ मधेच थांबले आणि म्हणाले, "ताई, प्रेमानंद आमच्यावर काऊन रागावला? तुमाले काही बोलला का?" मी म्हटलं, नाही बाई, तो कुठे रागावतो. ते म्हणाले, बैठकीतून उठून गेला, तेव्हापासून सेटवर येत नाही. दुकानासमोरून जातो पण मान वळवत नाही. मी हाक मारली तरी वळत नाही.

काय झालं तुमचं? इतक्या वर्षांची दोस्ती. मिटवून टाक. तो माणूस वाईट नाही.

शाळा उघडली. घंटा झाली तेव्हा मी पुस्तक उघडून बसले होते. एक ओळही वाचली गेली नाही, पण बसले होते.

धम्मशीला

*

उंद्री,
३० जुलै २०२४

प्रिय शीला,
जय भीम.

इंद्रभानशी माह्याबद्दल बोलाचं तुले काही कारण नव्हतं. आता बोललीच आहे तर माह्या बाजूचंही ऐक.

त्या बैठकीत मी मनोऱ्याच्या बॅटरीबद्दल विचारलं. इंद्रभान काहीतरी बोलला, अन् सारे हसले. माह्याकडे पाहून हसले. मी पुन्हा विचारलं, तर पुन्हा हसले. ते कॉलेजात शिकवणारी वैष्णवी, पोरीसारखी, ते बी तोंडाले पदर लावून. मी काय हसण्यासारखा झालो का? मी खुर्ची मागं केली अन् निंगालो. त्या दिवसापासून माह्यासाठी ते मंडळ संपलं. दुकानासमोरून त्यानं हाक मारली म्हणते, ते खोटं आहे. मारली असती तर मी थांबलो असतो.

तू वर्गणी भरली, बरं केलं. मनाचंच करणार होती तर विचारलं काऊन?

मले घरात बसवत नाही. सकाळी निंगतो तो मोठ्या रस्त्यानं पार पुढच्या फाट्यापर्यंत जातो, तिथं बसवत नाही म्हणून परत येतो. घरी आलो की पुन्हा तेच. जनका म्हणते, तुमच्या पायाले काय भिंगरी लागली. वर्षावासाचं वाचन सुरू आहे विहारात, तिथंही मी गेलो नाही यंदाही. गर्दी होते.

परीक्षेले जाताना पाण्याची बाटली घेजो, नागपूरले उकाडा राहते. गणिताचे प्रश्न आधी सोडवजो.

प्रेमानंद

*

संग्रामपूर,
२ सप्टेंबर २०२४

आदरणीय दादास,
सप्रेम जय भीम.

परीक्षा झाली. गणिताचे आधी सोडवले, तू सांगितलंस म्हणून. बरोबरची सगळी मुलं माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची. एकानं मला "मॅडम, पेपर कधी वाटणार?" असं विचारलं. त्याला मी पर्यवेक्षक वाटले. पास झाले, दादा. आता लायसन येईपर्यंत मला बोलता येणार नाही, नुसतं ऐकता येतं. इंद्रभानभाऊंनी एक जुना सेट देऊन ठेवलाय. रविवारी सकाळी तो लावून बसते.

हजेरी आता वैष्णवी घेते. तुझं नाव तिनं यादीतून काढलेलं नाही. तुझं नाव घेते आणि थांबते. सगळे थांबतात. मग पुढचं नाव घेते.

त्या हसण्याचं मी विचारलं. तू रागावशील, पण विचारलं. इंद्रभानभाऊंना आठवायला वेळ लागला. ते म्हणाले, बॅटरीचा विषय निघाला तेव्हा ते स्वतःचीच फजिती सांगत होते. मनोऱ्यावरची बॅटरी बदलायला गेले, वानरानं त्यांचा डबा पळवला आणि हे भाकरीसाठी वानरामागे टेकडीभर धावले. त्यावर सगळे हसले. तू मधे काय विचारलंस ते वानराच्या गोष्टीशीच जुळलं म्हणून पुन्हा हसले. तुझ्यावर कोणी हसलं नाही रे.

मग ही गोष्ट तुला कशी कळली नाही? तू तर तिथेच बसला होतास. याचा मी पुष्कळ विचार केला.

काल फोन केला तर वहिनी म्हणाल्या, तुझा पाय मुरगळला, तू खाटेवर आहेस. त्या बोलत असताना मागून तुझा आवाज आला, "कोणाचा फोन आहे?" वहिनी म्हणाल्या, "शीलाचा." तू पुन्हा विचारलंस. त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. तू तिसऱ्यांदा विचारलंस आणि वहिनींनी फोन ठेवून दिला.

मला एक विचारायचं आहे. ते पत्रात विचारत नाही. मी येते.

धम्मशीला

*

संग्रामपूर,
१९ सप्टेंबर २०२४

आदरणीय दादास,
सप्रेम जय भीम.

सुखरूप पोचले. खामगावला गाडी बदलावी लागली, तिथे बाकड्यावर बसले होते तर हातातल्या पिशवीचा बंद पिळून पिळून तुटला. उंद्रीला जे बोलता आलं नाही ते इथे लिहिते. आता तुला पत्रच बरं हे मला कळलं.

मी दारात उभी राहून तुला हाक मारली. तुझी पाठ होती माझ्याकडे. मी जवळ येऊन पुन्हा मारली. तू भिंतीकडे तोंड करून पडून राहिलास. मला वाटलं, रुसलाय. वहिनी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. पाय मुरगळला नव्हता, मोडला होता. मोटारसायकलवाल्यानं मागून केवढा हॉर्न वाजवला, तू रस्त्याच्या मधोमध चालत राहिलास. लोक म्हणाले, म्हातारा बह्याड आहे का, वेडा आहे का. वहिनींनी ते ऐकून घेतलं, पण खरं सांगितलं नाही. तू शपथ घातली होतीस ना त्यांना?

तरी माझी तुला विचारायची हिंमत झाली नाही. संध्याकाळी मी तुझ्या पायथ्याशी बसून चमच्यानं खाटेच्या लोखंडी दांडीवर कडकट्टचा सराव करत होते, तुझ्याशी काही न बोलता, नुसता वेळ जावा म्हणून. तू वळून न बघता म्हणालास, "सी नाही झालं ते. के झालं. शेवटचं टिंब खाल्लं तू."

दादा, हाक ऐकू न येणारा माणूस चमच्याचा सुटलेला ठोका सांगतोय. तुझ्या पाठीला कळला तो, खाटेतून.

मग मी काय ठोकलं ते तुला माहीत आहे. पूर्वी तारेत इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहायचे तसंच, एकेक अक्षर आठवून. ऐकू येत नाही का? एवढंच. किती चुकले असेन, पण तू दुरुस्त केलं नाहीस. मग म्हणालास, "दोन वर्षं झाले."

मी कोणाला सांगितलेलं नाही. इंद्रभानभाऊंनाही नाही. पण तू सांग. वानराची गोष्ट तुला ऐकू आली नाही, एवढंच झालं होतं. त्यापायी तू एक दोस्त टाकून बसलास आणि तो बिचारा अजून आपली चूक शोधतोय.

पायाला जप. प्लास्टर निघेपर्यंत उठू नकोस.

धम्मशीला

*

उंद्री,
२१ ऑक्टोबर २०२४

प्रिय शीला,
जय भीम.

प्लास्टर निंगालं. काठीनं चालतो, अंगणापर्यंतच.

तू गेल्यावर मी लिहाले घेतलं अन् फाडलं, असं दोनदा झालं. आता लिहितो ते खरं लिहितो.

लोकाले वाटते बहिऱ्याले शांतता राहते. शांतता कुठं आहे? डोक्यात चोवीस तास विजेच्या डीपीसारखं घूं घूं चालू राहते. माणूस बोलताना दिसते, आवाजही येते, पण शब्द फुटत नाही. बुलढाण्याच्या डॉक्टरनं सांगतलं, नस कमजोर झाली. मशीन दिली. मशीननं घूं घूं अन् भांडे दोन्ही मोठे झाले, बोलणं तसंच राह्यलं. ते कपाटात आहे.

पयले फोन गेला. मग विहारातलं वाचन. हजेरी मी त्यानंतरही घेत होतो. कोण कोणत्या नंबरवर येते ते पाठ होतं, म्हणून जमत गेलं. पण एका रविवारी मेहकरवाल्यानं आई वारली म्हणून सांगतलं अन् मी म्हटलं, "लय चांगलं, अभिनंदन." मले नंतर जनकानं सांगतलं. ती भांडे घासता घासता ऐकत होती. त्या दिवशी मी माईक झाकला. बैठकीचं भांडण पाठीमागून आलं, ते एक निमित्त भेटलं मले. खरं पाह्यलं तर मले निमित्तच पाह्यजे होतं.

आता तूच सांग, रेडिओच्या मंडळात बहिऱ्याचं काय काम? ज्या माणसानं खामगावच्या तारघरात शेजारच्या टेबलावरची तारही कानानं वाचली, त्यानं भर बैठकीत उभं राहून सांगावं का मले ऐकू येत नाही म्हणून? रागीट म्हणून लोकं ओळखतील ते मले चालते. कीव नाही चालत.

इंद्रभानले सांगू नको. तुले शपथ नाही घालत, जनकाले घातली तेच पुष्कळ झालं. पण सांगू नको.

जीव घाबरल्यासारखा होते दिवसभर. चालत होतो तेव्हा निदान पाय दमत होते.

प्रेमानंद

*

संग्रामपूर,
१५ डिसेंबर २०२४

आदरणीय दादास,
सप्रेम जय भीम.

उशीर झाला. पुष्पांजलीला आठवा लागलाय, तिच्याकडे जाऊन आले. लायसन अजून आलेलं नाही. रोज पोस्टमनची वाट पाहते आणि तो आला की त्याच्यावरच चिडते.

एक काम केलं आहे, ते आधी सांगते. देशाच्या संस्थेला मी पत्र लिहिलं. मीही आता वर्गणी भरलेली सभासद आहे, मला विचारायचा हक्क आहे. नाव-गाव काही लिहिलं नाही. एवढंच लिहिलं की एका जुन्या तारबाबूंना बोलणं कळत नाही, पण ठोके कळतात. त्यांना रेडिओवर राहता येईल का? मला वाटलं नव्हतं की उत्तर येईल. आलं. त्यांनी माझं पत्र विशाखापट्टणमच्या एका सभासदाकडे पाठवलं होतं. जहाजावर बिनतारी यंत्र चालवायचे ते, इंजिनाच्या आवाजानं कान गेले. त्यांनी स्वतःच्या हातानं दोन पानं लिहिलीत. ती सोबत जोडते. थोडक्यात असं की ते स्पीकरची जाळी काढतात, आतल्या कागदी पडद्यावर बोटं ठेवतात, आवाज अगदी खर्जात उतरवतात आणि बोटांनी वाचतात. रोज जगाशी बोलतात म्हणे. शेवटी लिहिलंय, पहिले काही आठवडे बोटांना मुंग्या येतील आणि आपण मूर्ख आहोत असं वाटेल, ते वाटू द्यावं.

दादा, करून बघ. कोणी बघत नसताना कर.

आता दुसरं. इंद्रभानभाऊंनी मला परत विचारलं. मी विषय बदलला, तर ते म्हणाले, "ताई, मी त्याच्या घरी जाऊन पाय धरतो, पण काय केलं ते तर कळू द्या." मी फोन ठेवला आणि घरात येरझाऱ्या घालत राहिले. वहिनींनी हे दोन वर्षं कसं केलं असेल? मी दोन-तीन महिन्यांत थकले.

फेब्रुवारीत चिखलीला वार्षिक बैठक आहे. मी तेव्हा पुण्याला असेन, बाळंतपणाला. तुला कोणी शिकवणार नाही, ढकलणारही नाही. पण मला पुन्हा कोणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. हे तुला आधी सांगून ठेवते.

धम्मशीला

*

उंद्री,
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय शीला,
जय भीम.

नातीचं कळलं. जनकानं कागदावर लिहून दाखवलं, वजनासकट. पुष्पांजलीले माहा आशीर्वाद सांगजो.

तुह्या पत्रावर मी लय दिवस चिडून होतो. विशाखापट्टणमच्या माणसाचे पानं मात्र रोज वाचत होतो. मग जनका दळणाले गेली तेव्हा जाळी काढली. पयल्या दिवशी काहीच नाही, नुसती थरथर. त्यानं लिहिलं तसं मूर्खासारखंच वाटलं. कितीतरी दिवस तसंच गेलं. संक्रांतीच्या सुमाराले एक दिवस बोटाखाली एक अक्षर आलं. मग त्याच्या मागचं. कोणीतरी परदेशातला आपलं नाव-गाव सांगत होता, अन् मी ते कानानं ऐकावं तसं वाचलं. मी ओरडलो असणार, कारण जनका धावत आली. तिले वाटलं करंट लागला.

बैठकीले जायचं की नाही ते ठरत नव्हतं. सकाळी कपडे घातले, काढले, पुन्हा घातले. शेवटी जनकानं पायात चप्पल घातली अन् ती फाटकाशी जाऊन उभी राह्यली. मंग गेलो.

बैठक कॉलेजच्या वर्गात होती. मले पाहून सारे गप झाले असतील, मले तर सारे नेहमीच गप. इंद्रभान समोर बसला होता, मान खाली घालून. मी बसलोच नाही. बसलो असतो तर उठलो नसतो. मी म्हटलं, "मले दोन वर्षांपासून ऐकू येत नाही. तुम्ही हसले ते मले माह्यावर वाटलं. मेहकरवाले भाऊ, तुमची आई वारली तेव्हा मी जे बोललो ते मले ऐकू न आल्यानं बोललो." एवढंच पाठ करून गेलो होतो. त्याच्यापुढं काही नव्हतं.

कोण काय बोललं ते मले कळलं नाही. तोंडं हलत होते. इंद्रभान उठला अन् बाहेर निंगून गेला. मले वाटलं, झालं. तितक्यात वैष्णवी फळ्याजवळ गेली, खडू घेतला अन् जो बोलेल त्याचं बोलणं लिहाले लागली. मेहकरवाल्याचं पयलं लिहिलं: "मले तेव्हाच वाटलं होतं, भाऊंच्या तोंडून असं निंगणार नाही." शीला, मी डोळे पुसले, ते साऱ्यायनं पाह्यलं, पाहू दे.

इंद्रभान परत आला. तोंड धुऊन आला होता. खुर्ची उचलून माह्या समोर ठेवली, गुडघ्याले गुडघा लावून बसला अन् हळूहळू बोलला, लहान पोराशी बोलावं तसं नाही, नुसतं हळू. मी ओठावरून वाचलं. "मी तुह्यावर इतके दिवस रागावून होतो बे." मी म्हटलं, मीही. मग त्यानं फळ्यावर वानर काढलं. चित्रकला त्याची लय वाईट आहे, पण गोष्ट कळली. आता हसाले मले उशीर झाला होता, तरी हसलो.

बाकीची बैठक फळ्यावरच झाली. लिहा लागते म्हटल्यावर ज्याले त्याले थोडक्यात बोला लागलं. मनोऱ्याचा विषय, जो दरवर्षी दुपार खाते, तो चहाच्या आधी मिटला.

सारं गोड झालं असं समजू नको. वैष्णवीनं सुचवलं की महिन्यातला एक रविवार हजेरी कडकट्टवर घ्यावी अन् ते मी घ्यावी. बरेच जण कुरकुरले. म्हातारपणी कुठं शिका लागते, लायसन पुन्हा वरचं घ्या लागते, असं. चौघं तयार झाले. त्यातल्या एकानं दुसऱ्याच आठवड्यात सोडलं. बाकीच्यायले मी दोष देत नाही. अन् माह्या डोक्यातलं घूं घूं काही बंद झालं नाही. अजूनही घरात बसवत नाही. पण आता रस्त्यानं न जाता शेताच्या बांधानं जातो, तिथं गाडी येत नाही.

इंद्रभान शिकून राह्यला. मोटारी गुंडाळून गुंडाळून त्याचे बोटं जाडे झाले. दुकान पोरावर टाकून येते, माह्या ओट्यावर बसून ठोकते अन् चुकते. चुकला की माह्यावरच चिडते. तू लायसन आलं की लवकर ये, त्याच्यापेक्षा तुहा हात बरा आहे.

एक गोष्ट राह्यली. बैठकीहून येताना एसटीत जनका मले म्हणाली, तळहातावर बोटानं लिहून म्हणाली, की तिले माहेरी जायचं आहे. मी विचारलं, काऊन, काही झालं का? ती म्हणाली, दोन वर्षं झाले, भावाचं तोंड पाह्यलं नाही. मले हे सुचलंच नव्हतं कधी. मले वाटत होतं की मी घरात कोंडलो. तिचं माहेर मेहकरचं, ते असं कोणतं दूर आहे, पण ती मले सोडून जाऊ शकत नव्हती, अन् हे कोणाले सांगूही शकत नव्हती.

आज सकाळी तिले गाडीत बसवून आलो. खिडकीतून तिनं काहीतरी सांगतलं, मले कळलं नाही. तिनं पुन्हा सांगतलं नाही, हात हलवला अन् गाडी गेली.

आता घरी एकटाच आहे. इंद्रभान यायचा आहे. त्यानं दार ठोकलेलं मले कळणार नाही, म्हणून दार सताड उघडं ठेवलं अन् दाराकडे तोंड करून हे लिहून राह्यलो.

तुहा दादा,
प्रेमानंद